जनावरांना अहो, माणसांना अरे

डॉ. गव्हाणे यांच्यावर अन्याय झाला तो यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्यांच्याच दवाखान्यातल्या टेबलाशी. करणारे आपण. आदल्या दिवशी बैलाच्या तोंडाशी पुरणपोळी धरून फोटो काढणारे आणि दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरला 'कसाई' ठरवणारा व्हिडिओ पुढं ढकलणारे. 'ते लोक' म्हणून सुटका करून घेऊ नका. आपणच.

पण आधी माणूस सांगते.

मुकुंदवाडीत जखमी जनावरांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. गव्हाणे तिथले डॉक्टर. त्यांच्याशी पहिली भेट म्हणजे कुणालाही अपमान वाटावा अशीच. हा गृहस्थ जनावरांना अहो-जाहो करतो आणि माणसांना अरे-तुरे. "या मोतीराव, बसा. कान ठणकतोय आपला? बघू द्या जरा. आन् तू रे, फोन ठेव खिशात, धर त्यांना नीट!" एकदा एक नगरसेवक मांजर घेऊन आले. मांजरीला "बाईसाहेब, तोंड उघडता का?" आणि नगरसेवकांना "तू बाहेर थांब. तुझ्या आवाजानं घाबरतात त्या." नगरसेवक मुकाट बाहेर थांबले. त्यांना ताटकळत ठेवणारी शहरातली ही एकमेव जागा असावी.

मी समाजकार्याची विद्यार्थिनी. आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी एकेक ठिकाण देतात. कुणाला वस्ती मिळाली, कुणाला तुरुंग. मी भांडून हा दवाखाना घेतला. "कुत्र्यामांजरांचं कसलं समाजकार्य?" विभागातल्या सरांनी विचारलं. "कुत्र्यांचं नाही सर, त्यांना सांभाळणाऱ्यांचं." रोज चिरडलेली, भाजलेली जनावरं हाताळणारी माणसं आतून कशी होत असतील, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला मला जायचं होतं. सरांनी हसत हसत सही केली. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना गोल बसवलं. "मनात साचलेलं बोला." मलमपट्टी करणारे शकीलभाई म्हणाले, "अपने मन में तो अभी चाय है बेटा." गव्हाणे म्हणाले, "माझ्या भावनांना जंत झालेत. गोळी दे."

"सर, थट्टा नको."

"थट्टा नाय गं. बरं, तुझं सांग. खाणं? पिणं? रवंथ?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माणसांनाही तोच. मी म्हटलं, माणूस कुठं रवंथ करतो? "तेच तर," ते म्हणाले. "जनावर रवंथ करायलंय म्हणजे त्याला भेव नाय, एवढं कळतं. माणसाचं कशावरून वळखायचं?" गोल मोडला आणि चहा झाला.

मग पोळा आला. लासूर स्टेशनकडच्या एका बड्या शेतकरी घरातले साहेब, आता इथं बँकेत. सणाला गावी नेलेला त्यांचा कुत्रा, शेरू, ट्रॅक्टरखाली सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्याला घेऊन आले. मणका मोडलेला, श्वास घेताना सुद्धा कळ. गव्हाणेंनी कितीतरी वेळ तपासलं आणि म्हणाले, "शेरूराव, माफ करा. आता आपल्याच्यानं व्हायचं नाय." साहेबांनीच हात जोडले. "सोडवा त्याला, डॉक्टर."

सोडवायची ती सुई आमच्याकडं गव्हाणेच देतात. दुसरे डॉक्टर त्या वेळी आतल्या खोलीत जातात आणि त्यांना एकदम महत्त्वाचा फोन येतो.

मी दाराशी उभी होते. सुई टोचताना गव्हाणेंचं अहो-जाहो गळून पडलं. त्यांनी कपाळ शेरूच्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाले, "लई छळलं तुला. जा आता. जा."

साहेबांचा पुतण्या पाठीमागून चित्रण करत होता. व्हिडिओत त्यानं तेवढंच ठेवलं. मोडलेला मणका नाही, जोडलेले हात नाहीत. डॉक्टरची पाठ, सुई आणि ते वाक्य. खाली मजकूर: 'छळ केल्याची स्वतःच कबुली देणारा कसाई डॉक्टर.' दिवस मावळायच्या आत गुलमंडीतल्या कापडदुकानांत तो गिऱ्हाइकांना दाखवला जात होता. बोलतो कसा बघा, म्हणे, अरे-तुरे करून!

अहो, मराठीत आईला 'तू' म्हणतात. देवाला 'तू' म्हणतात. आणि छळलं कुणी? ट्रॅक्टरवाल्यानं, दगड मारणाऱ्यानं, पिल्लू आणून नंतर रस्त्यावर सोडणाऱ्यानं. त्या सगळ्यांच्या वतीनं हा माणूस एका कुत्र्याची माफी मागत होता. तुमच्याही वतीनं. साहेबांना मी फोन करून म्हटलं, खरं काय ते तुम्ही सांगा. "घरात सगळे डॉक्टरवर तापलेत. मी आता मध्ये बोललेलं बरं दिसणार नाही," म्हणाले. बरं दिसणार नाही!

दुसऱ्या दिवसापासून गव्हाणे येईनात. पिंजऱ्यात एक म्हातारी कुत्री होती, कंबर सडलेली, तिच्यासाठी आता ती सुईच उरलेली. ती कण्हत होती आणि दुसऱ्या डॉक्टरांना फोन येत होते. शकीलभाई म्हणाले, "साब नहीं आए तो इसका कौन?" आम्ही दोघं गव्हाणेंच्या घरी गेलो.

दोन खोल्या. बायको वारल्यापासून एकटेच. त्या व्हिडिओच्या निषेधाची पत्रकं मी सह्यांसाठी छापून घेतली होती, त्यांचा गठ्ठा पुढं केला. त्यांनी एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "धिक्कार लई झालेत. एखादा कमी कर."

"सर, दवाखान्यात कधी येताय?"

"हात उचलंना गं."

चूल थंड होती. म्हणजे गॅसच, पण ते चूलच म्हणतात. जेवलात का, विचारलं.

"आमच्यात घरात मयत झाली की चूल पेटवत नाय. शेजारपाजारचे भाकरी आणतात, बळंच दोन घास खायला लावतात. तवा कुठं माणूस उठतं." मग म्हणाले, "सुई दिली त्या दिवशी मी चूल पेटवत नाय. पहिल्यापासनंच."

"मग भाकरी कोण आणतं?"

ते हसले. "कुत्र्याच्या सुतकाला कोण भाकरी आणतंय, येडी का काय? दुसऱ्या दिवशी आपली आपण पेटवायची. या बारीला पेटवावीच वाटंना."

शकीलभाई उठून बाहेर गेले. परत आले ते घरून ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं घेऊन. "खाओ साब." गव्हाणे भिंतीकडं तोंड करून खाऊ लागले. दुसऱ्या घासाला त्यांचे खांदे हलायला लागले. 'उद्या येतो' असं ते म्हणाले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. पिंजऱ्यातली ती म्हातारी अजून वाट बघते आहे.

मला तुमची सहानुभूती नको आणि पत्रकावर सहीही नको. तुमचं जनावर कुणीतरी सोडवलं असेल. तुम्ही तोंड फिरवलंत तेव्हा कुणाचा तरी हात त्याच्यावर होता. दोन भाकरी करा, येत नसतील तर विकत घ्या, आणि त्या माणसाच्या दारी जा. बोलू नका. त्यानं दोन घास खाल्ल्याशिवाय तिथून उठू नका.