न लागणाऱ्या पंपाचा परवाना

“जे लागत नाही ते बसवायचं नाही. कळलं का गं?”

अणुभट्टीचा आराखडा भाचीच्या हाती देताना मावशींनी असं बजावलं होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या भट्ट्यांचे पंप दुरुस्त करण्यात गेलेला. म्हणून त्यांनी स्वतःच्या भट्टीत थंडाव्याचं पाणी फिरवायला पंपच ठेवला नाही. तापलेलं पाणी आपलं आपण वर चढणार, निवून खाली येणार. वीज गेली तरी फिरत राहणार. “माझे डोळे शाबूत आहेत तोवर एकदा चालवून दाखव,” त्या म्हणाल्या. इंजिनीअर भाचीने शब्द दिला आणि ती परवाना मंडळापुढे उभी राहिली.

“पंप बंद पडला तर?” अध्यक्षांनी विचारलं.

“पंप नाहीच, साहेब.”

“म्हणजे कायमचाच बंद.” अध्यक्ष गंभीर झाले. “हे तर फारच वाईट.”

पंप बिघडल्यावर भट्टी सुरक्षित राहते, हे सिद्ध करणं मानकानुसार बंधनकारक होतं. बिघडायला आधी पंप असावा लागतो, हे ओघानं आलं. मंडळाने उदार मनाने सवलत दिली : पंप भट्टीला जोडला नाही तरी चालेल, मात्र तो चालू हवा. पंप आला. त्याच्या जोडीला राखीव पंप आला. दोघांसाठी डिझेलचं जनित्र, जनित्रासाठी टाकी, टाकी पेटली तर म्हणून अग्निशमन दल, आणि दलाला पाणी लागतं म्हणून आणखी एक पंप.

मग जनसुनावणी झाली. हेल्मेट स्कूटरच्या हँडलला लटकवून आलेले एक गृहस्थ उठले. “भट्टीचा आवाजच येणार नाही म्हणता. मग ती सुरक्षित आहे हे आम्हाला कळायचं कसं?” टाळ्या पडल्या. मंडळाने पंपाचा आवाज घरोघरी पोचलाच पाहिजे, असं कलम मानकात घातलं.

शेवटच्या तपासणीत सगळा धोका डिझेलच्या टाकीपाशी सापडला. अशा टाकीशेजारी अणुभट्टी चालवणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. म्हणून पंपांना परवाना मिळाला, भट्टीला नाकारण्यात आला.

“मग टाकी हलवते.”

“तिला परवाना आहे, बाई. पंप आहेत तोवर टाकी राहणार.”

पंप घरघरू लागले. शहर निर्धास्त झोपू लागलं.

“कसला गं हा आवाज?” खिडकीत बसलेल्या मावशींनी विचारलं.

“आपल्याच भट्टीचा पंप.”

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. “मला तर आता तुझा चेहराही धूसर दिसतो,” एवढंच म्हणाल्या.

भाचीने बोटांवर हिशेब मांडला. पंप गेले की जनित्र नको, जनित्र नको तर टाकी नको, आणि टाकी नसली की भट्टीला नाही म्हणायला कारण उरत नाही. तिने मावशींच्या खणातला जुना पाना काढला.

आवाज थांबला की शहरात निर्धास्त झोपलेले तुम्ही दचकून उठाल आणि मंडळाला पहिला फोन तुम्हीच लावाल. भट्टी बंद आहे म्हणून मात्र आजवर एकदाही लावला नाहीत. म्हणूनच तिने तुम्हाला काही विचारलेलं नाही. पाना पिशवीत टाकून, चपला न वाजवता, ती पंपांकडे निघाली आहे.