नाही म्हणणारे डॉक्टर

आमच्या महाडात डॉ. देवळेकरांची ख्याती अशी, की त्यांच्याकडे चष्मा घालवायला गेलेला माणूस बहुधा नवा चष्मा घेऊन घरी येतो. तो चष्मा माझ्या दुकानातला असतो. त्यांचा दवाखाना आणि माझं चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे आमचं संगनमत आहे, असं निम्म्या गावाला वाटतं. उरलेल्या निम्म्या गावाची तशी खात्री आहे.

डॉक्टर नंबर घालवायची लेझर ऑपरेशनं करतात, पण महिन्यातून दोनदा पनवेलला जाऊन, कारण ते मशीन तिथे आहे. इथे ते फक्त तपासतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा नकाशा काढणारं एक यंत्र त्यांनी घेतलंय. तो रंगीत नकाशा ते इतका वेळ बघतात, की समोरच्याला आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटू लागतं. मग ते म्हणतात, "मोजलं. नाही जमणार." कारण मागाहून, कागदावर चित्र काढून. "हा पडदा. लेझरने हा घासून पातळ करायचा असतो. तुमचा आधीच पातळ. घासू काय?"

"मग तुमच्या डोळ्यांवर चष्मा कसा, डॉक्टर?" हे त्यांना प्रत्येक जण विचारतो. चष्मा चांगला नऊ नंबरचा, जाड.

"मीच मला तपासलं," ते म्हणतात, "आणि नापास केलं."

लग्नातसुद्धा त्यांना चैन नसते. एकदा स्टेजवर नवरदेवाच्या हातात पाकीट ठेवता ठेवता त्यांनी त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं आणि विचारलं, "लेन्स सकाळपासून आहेत ना? काढा आता." फोटोवाला थांबला होता, मागे पाहुण्यांची रांग होती. नवरदेव लेन्स काढायला गेला तो वीस मिनिटं आला नाही. आणखी एक खोड म्हणजे फोन. पेशंट समोर असला की तो बंद करून ठेवायचा, आणि नंतर चालू करायला विसरायचं.

तर या माणसाने छप्पन्नाव्या वर्षी परीक्षेला बसायचं ठरवलं. नेत्रतज्ज्ञांच्या एका संस्थेचं खास या ऑपरेशनांसाठीचं प्रमाणपत्र असतं. लेखी, मग तोंडी, शिवाय केलेल्या ऑपरेशनांच्या नोंदी तपासतात. सक्ती काही नव्हती.

"कोण विचारतंय तुम्हाला प्रमाणपत्र?" मी म्हटलं.

"कोणी विचारत नाही, म्हणूनच. आमचं काम नीट चाललंय का, हे पेशंटला कळत नाही. कोणातरी जाणत्याने मोजायला नको?"

लेखी परीक्षेत ते पास झाले. तोंडीची तयारी माझ्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना. मी परीक्षक. त्यांच्या वहीतले पेशंट मी अडखळत वाचायचो आणि विचारायचो, "करणार का ऑपरेशन?" डॉक्टर डोळे मिटून विचार करायचे आणि म्हणायचे, "नाही." एका दुपारी त्यांनी अकराच्या अकरा पेशंट परत पाठवले.

"डॉक्टर, एकाला तरी हो म्हणा," मी म्हटलं. "नाहीतर ते तुम्हालाच परत पाठवतील."

"शेठ, अवघड तेवढेच वहीत लिहिलेत मी. हो म्हणायचं असतं त्याची तयारी कशाला करायची?"

तोंडी परीक्षा सोमवारी दुपारी बारा वाजता, मुंबईत. त्याआधीच्या शनिवारी उमरठचे जाधव आपल्या मुलीला घेऊन आले. स्वप्नाली, एकोणीस वर्षांची. भरतीची तयारी करत होती. धावण्यात पहिली, पण डोळ्यांना चष्मा, आणि तो तिथे चालत नाही. नकाशा काढला. डॉक्टर नेहमीपेक्षाही जास्त वेळ बघत राहिले.

"नाही जमणार. पडदा पातळ आहे, आणि खाली फुगवटा धरतोय."

"डाक्टर, नाय म्हनायला येवढी मशीन कशाला घेतलीत?" जाधव म्हणाले. "माझा भाऊ मुंबईला हाय. त्यानं दवाखाना बघून ठेवलाय. सोमवारी नेतो तिला."

"कुठे नेताय?"

"ते तुमाला कशाला?"

जाताना मुलीने माझ्या दुकानाच्या आरशात चष्मा काढून स्वतःकडे पाहिलं. दिसलं काय असेल कोण जाणे.

सोमवारी पहाटे डॉक्टरांची गाडी गेल्याचा आवाज मी ऐकला. साडेबाराला मला मुंबईहून एका बाईंचा फोन आला. डॉ. देवळेकर परीक्षेला आलेले नाहीत, त्यांचा फोन बंद आहे.

"फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे. तुम्ही त्यांचे कोण?"

"माझं चष्म्याचं दुकान आहे," मी म्हटलं.

मग मी माणगावला, कोलाडला, वडखळला ओळखीच्यांना फोन लावले. वाटेत अपघात झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. एका आजींच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे बसवली. माझ्या हातून असं कधी होत नाही.

तीनच्या सुमाराला डॉक्टर दारात उभे. बूट लाल चिखलाने भरलेले.

"परीक्षा?" मी विचारलं.

"उमरठला गेलो होतो. येताना गाडी चिखलात रुतली."

म्हणजे मुंबईचा रस्ता सोडून बरोबर उलट्या दिशेला. मी पाणी दिलं. ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले. बापलेक एसटीच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभे होते. जाधवांनी तोंड फिरवलं.

"चूक माझीच होती, शेठ. दवाखान्यात मी सगळं तिच्या बापाशी बोललो. डोळे तिचे." म्हणून थांब्याच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तिला कागदावर सगळं काढून दाखवलं. आज ऑपरेशन केलं तर काही दिवस छान दिसेल. पुढे पडदा फुगत गेला तर चष्मा लावूनही नीट दिसणार नाही.

"असं होईलच?" तिने विचारलं.

"होईलच असं नाही. पण भीती एवढी आहे, की मी हात लावणार नाही."

"आनि भरती?"

"ती जाईल," डॉक्टर म्हणाले. "त्याला माझ्याकडे उपाय नाही."

एसटी आली. जाधव चढले. मुलगी जागची हलली नाही. "मी नाय येत, आबा," एवढंच म्हणाली. कंडक्टर ओरडायला लागला तेव्हा जाधव खाली उतरले.

स्वप्नाली त्यानंतर बरीच रडली, असं तिनेच मला सांगितलं. फुगवटा पुढे वाढायला लागला होता, पण तो थांबवायचे उपचार वेळेवर झाले. आता ती पोलादपूरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. जाधव अजून डॉक्टरांशी धड बोलत नाहीत. हंगामात वालाच्या शेंगांची पिशवी तेवढी माझ्या काउंटरवर ठेवतात. "त्यांना द्या," म्हणतात.

त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर मी डॉक्टरांना फॉर्मबद्दल विचारलं. ते थोडे ओशाळले.

"तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. ही होती तेव्हा तिचं नाव घालायचो. मुलगा तिकडे कॅनडात, त्याला कळून तो काय करणार?" मग चष्म्याची काच पुसत म्हणाले, "विचारायला हवं होतं तुम्हाला. राहून गेलं."

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो. दुकानाची खरेदी आहे, असं सांगून. परीक्षेच्या इमारतीपाशी ते म्हणाले, "तुम्ही तुमची कामं उरका. मला तीन तास लागतील. मी येईन एकटा." मी हो म्हटलं आणि खालच्या बाकावर बसून राहिलो. तिथल्या मुलीने विचारलं, कोणाबरोबर आलात? मी म्हटलं, डॉक्टर देवळेकरांच्या घरचा.

डॉक्टर जिन्यावरून खाली आले ते वहीत बघत, दाराकडे वळलेच होते. मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं आणि तिथेच थांबले.

"तुम्ही अजून इथेच?"

"कशी झाली तोंडी?"

त्यांनी ते ऐकलंच नाही. वही काखेत धरून, माझ्याकडे बघत, ते पुन्हा म्हणाले, "तीन तास बसून होतात?"