धोंडूतात्यांची उसनी जीभ

फुकट जेवणारी माणसे आमच्या महाडात पुष्कळ आहेत. परंतु दुसऱ्याला आग्रहाने हॉटेलात नेऊन, त्याच्यापुढे ताट मांडून, स्वतः पाण्याच्या पेल्यावर भागवणारे आणि घासागणिक त्याची उलटतपासणी घेणारे गृहस्थ एकच, ते म्हणजे धोंडूतात्या.

"आंबट आधी लागलं का तिखट? तिखट जिभेवर हाय का घशात? नुसतं छान बोलू नका. छान ही काय चव हाय?"

तात्या मूळचे कुडपणकडचे. बाजारात त्यांची मिरची कांडपाची गिरणी होती. गिऱ्हाइकाची पिशवी दारात येताच, ती न उघडता, "वैनी, धने कमी घेतलेत," असे ते सांगत आणि ते खरे निघे. मग तो साथीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तात्यांचा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. इतरांची यथावकाश परत आली, तात्यांची आली नाही. तिखटाचा चटका तेवढा बसे. एकदा गिरणीत कोणाचा तरी लग्नाचा मसाला त्यांच्या हातून भाजताना करपला. सगळ्या आळीला वास आला, तात्यांना आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीला कुलूप घातले.

एवढ्यावर दैव थांबले असते तर मी त्याविरुद्ध काही लिहिले नसते. परंतु पुढे त्यांच्या पत्नी शेवंताकाकू यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा मुंबईस. सणावारी येतो, आईच्या पायाशी बसतो, जातो. चूल तात्यांकडे आली. अलीकडे काकू दोन घास घेत आणि ओठ मिटून घेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, असेच चालले तर त्या फार काळ राहणार नाहीत. काय दिले म्हणजे त्या तोंड उघडतील, याचा शोध तात्या गावातल्या हॉटेलांतून दुसऱ्यांच्या जिभांनी घेत होते. गावाला कारण ठाऊक होते. तरी गाव हसे, आणि हसत हसत जेवूनही येई.

मी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी माझ्या भाषेला कचेरीत मान आहे. त्यामुळे अखेर तात्यांची दृष्टी माझ्याकडे वळली, यात नवल नाही. ते मला 'वकीलसाहेब' म्हणत. त्यांचा हा गैरसमज दूर करणे मला शिष्टाचाराला धरून वाटले नाही.

पोलादपूरच्या रस्त्याला एका नेपाळी जोडप्याने नुकतीच खानावळ काढली होती. फलकावर 'नेपाळी व भारतीय जेवण' असे होते. नवरा आत रांधी, कमलादिदी बाहेर वाढी. पूर्वी ती दोघे रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला रोपवेच्या पर्यटकांना मोमो विकत, म्हणून दिदीची मराठी थेट तिथलीच होती.

तात्यांनी मला तिथे नेले. प्रथम मोमो आले. मी एक खाऊन निवेदन केले, "सदर पदार्थ बाह्यतः उकडीच्या मोदकासमान असून, अंतर्भागी कोबी व आले..."

"वकीलसाहेब, जामीन नाय मागायचा हाय. चव सांगा."

"मोदक समजून खाल्ला तर फसवणूक झाल्यासारखे वाटते."

"हां! हे कळलं."

मग थुक्पा आला. रश्श्यात शेवया, वर कोथिंबीर. मी चांगला म्हणालो. तात्यांनी चवीबद्दल पुढे विचारलेच नाही.

"गिळायला कसं हाय? ठसका लागंल का? खाटंवर पडलेल्या माणसाला?"

शेवया लांब आहेत, लागेल, असे मी सांगितले. त्यांनी वाडगा बाजूला सारला.

दिदी हे सारे कमरेवर हात ठेवून पाहत होती. "तात्या, रोज नवीन मानूस आनता, त्याला खिलवता. तुमी कवा खानार?"

"मला माती नि मिठाई सारखीच गो."

ती आत गेली आणि तळहातावर चार काळपट दाणे घेऊन आली. "आमच्या पहाडातला टिमूर. तुमच्या तिरफळाचा भाऊ. चावा."

तात्यांनी एक दाणा चावला. मीही चावला. थोड्या वेळाने माझे ओठ मुंग्यांनी ताब्यात घेतले. इतक्यात समोरची खुर्ची आडवी झाली आणि तात्या उभे राहिले.

"आली! वकीलसाहेब, आली! जीभ नाचतेय!"

"ती चव नाय तात्या," दिदी म्हणाली, "झिनझिन्या हायत. सगल्यांना होतात."

पण तात्या ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या ट्रकचालकाशी हस्तांदोलन केले. मग माझा दंड धरला. "चला घरी. आज माझ्या हातचं खायचं."

हे अपूर्व होते. घरचे अन्न त्यांनी आजवर कोणाला चाखू दिले नव्हते. जुन्या कांडपवाल्याचा तेवढा अभिमान शिल्लक होता. निघताना दिदीने एक डबा हातात दिला. "जाउलो हाय. मऊ भात नि डाल. आमच्यात आजारी मानसाला देतात. काकीला द्या."

घरात काकू खिडकीशी खाटेवर होत्या. तात्यांनी डबा कोनाड्यात ठेवला आणि सकाळच्या पेजेच्या टोपात पळी घातली. स्वतः चाखली, डोळे मिटले.

"झकास! मीठ बेताचं." आणि वाटी माझ्यापुढे केली.

मी घोट घेतला. हरिहरेश्वरी समुद्रस्नान करताना नाकातोंडात पाणी गेले होते, ते याहून गोडे होते.

माझी नजर खाटेकडे गेली. काकू माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. गोधडीतून त्यांचा डावा हात वर आला आणि पंजा हलला. नको. सांगू नको.

मी गिळले. "उत्तम," म्हणालो.

परंतु ज्याने इतक्या जणांच्या तोंडातला घास चेहऱ्यावरून वाचला, त्याच्यापुढे माझे शब्द कुचकामी होते.

"खारट?"

मी वाटी खाली ठेवली.

"लय?"

तात्या खाली बसले. "घातलं का नाय ते आठवत नाय. चाखून कळत नाय. आळणी नको म्हणून परत घालायचो." मग खाटेकडे वळले. "रोज हेच खात व्हतीस? अगो, मग तू बोलली का नायस?"

वाचा गेलेल्या बाईला त्यांनी हा प्रश्न विचारला, आणि उत्तराची वाटही पाहिली.

काकूंनी डाव्या हाताने कोनाडा दाखवला. तात्यांनी डबा उघडला, चमचा भरला, त्यांच्या ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. काकूंनी चमचा त्यांच्या हातून घेतला. अर्धा भात गोधडीवर सांडला. उरलेला त्यांनी तात्यांच्या तोंडाशी धरला.

"मला काय करायचाय? मला काय कळतंय?"

चमचा तिथेच राहिला. शेवटी तात्यांनी तोंड उघडले. घास गिळला. मग काकूंनी आपले ओठ विलग केले.

माझे तिथे काही काम नव्हते. मी दारात चपला शोधत असताना आतून तात्यांचा आवाज आला.

"गरम हाय गो. सावकाश."

तेवढे त्यांच्या जिभेला अजून कळत होते.