द्वारकाताईंचा आवडता पदार्थ

द्वारकाताईंच्या अंगणवाडीत कुणालाही उभ्या उभ्या बोलता येत नाही. आधी चपला काढायच्या, मुलांच्या गोलात मांडी घालून बसायचं, आपलं नाव सांगायचं आणि आवडता पदार्थ सांगायचा. मग काय काम असेल ते. वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूससुद्धा "संतोष, जिलबी" म्हटल्याशिवाय मीटरपर्यंत पोचलेला नाही.

मी त्यांची पर्यवेक्षिका; मी मात्र घाईचं निमित्त सांगून यातून सुटायची. मेडशीच्या आसपासच्या अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. भेटी द्यायच्या, रजिस्टरं तपासायची आणि सेविकांना प्रशिक्षणाला पाठवायचं, हे माझं काम. हा नाव आणि पदार्थाचा खेळ त्या प्रशिक्षणातलाच. सकाळी सगळ्या जणी अवघडून बसलेल्या असतात, त्यांची भीड मोडावी म्हणून खेळतात आणि दुपारपर्यंत विसरून जातात. द्वारकाताई विसरल्या नाहीत.

एकदा तर त्यांनी ग्रामसभेतच तो खेळ लावला. रस्त्यावरून दोन गट हमरीतुमरीवर आले होते. ताई मधे उभ्या राहिल्या. "भांडा ना बापा, कोन नाई म्हन्ते? पन आधी नाव सांगा आन काय आवडते ते सांगा." सरपंच म्हणाले, पुरणपोळी. विरोधकही म्हणाले, पुरणपोळी. भांडणाची सगळी मजाच गेली.

तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेब गोलात बसले आणि घाम पुसत "भेंडी" म्हणाले. भेटवहीत साहेबांनी शेरा लिहिला, त्याच्याखाली ताईंनी लिहिलं, "साहेबांना भेंडी आवडते." पुढच्या तपासणीला ताटात भेंडी तयार. आता हे साहेब दुसरेच होते, पण वहीत नोंद होती. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

ताईंना प्रशिक्षणाचं भारी वेड. मुलांची भाषा असो, खेळातून गणित असो, की मोबाईलमध्ये माहिती भरणं असो, विषय कोणताही चालायचा. पहिल्या एसटीने येणार, पुढे बसणार, आणि नाव लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी पदराला टोचणार. संध्याकाळी ती चिठ्ठी लावूनच एसटीत चढणार. कंडक्टर "द्वारकाताई, कुठलं तिकीट?" म्हणाला की त्या दिवसाचं सार्थक.

गंमत म्हणजे दर वर्षी त्यांचा पदार्थ बदलायचा. एका वर्षी रोडगे, मग पातोड्या, मग शेवयांची खीर. यंदा काय निघणार यावर बाकीच्या सेविका चहाची पैज लावत. मी एकदा चिडवलंही, "ताई, एक काहीतरी ठरवा बुवा."

"ठरवून राह्यली ना, मॅडम. तुमी घाई काहून करता?"

या थंडीत प्रशिक्षणाची यादी करताना मी त्यांचं नाव गाळलं. जागा मोजक्या, आणि ताई तीन महिन्यांत निवृत्त होणार. त्यांच्या जागी एखादी नवी सेविका शिकेल, असा माझा हिशेब. ते ताईंना कळवायचं मात्र राहून गेलं. खरं सांगायचं तर टाळलं.

प्रशिक्षणाच्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे पहिल्या एसटीने हजर. दारातल्या टेबलावरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या. "मॅडम, माह्यी चिठ्ठी कुठं हाय?"

"अहो ताई, तुम्ही आता मोकळ्या होणार. शिकून काय करता?" मी हसत म्हटलं.

"मंग मी पानी वाटतो," एवढं म्हणून त्या चपलांपाशी बसल्या. आत खेळ सुरू झाला. एकेक नाव येत होतं आणि ताई मान उंचावून ऐकत होत्या. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, इतकं काय मनावर घेता?"

"यंदा माह्यं पक्कं झालं व्हतं, मॅडम."

"काय पक्कं झालं होतं?"

"आवडता पदार्थ."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"सासूले आंबट लागे, घरधन्याले तिखट, पोराले गोड. मी सैपाक करे आन उरलं ते खाये. पह्यल्या ट्रेनिंगले शिकवनाऱ्या पोरीनं इचारलं, तुमाले काय आवडते? मले सांगताच नाई आलं. रोडगे म्हनून ठोकून देल्लं. तवापासून दरसाली एक चीज फकत माह्यासाठी करतो, एकटी बसून खातो, आन पाह्यतो आवडते का. आता घरी कोनी नाई. गावात मले कोनी द्वारका म्हनत नाई. 'पाह्य, अंगनवाडी चालली' म्हन्तात. नाव आन आवड इचारते कोन? इथंच इचारतात."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी या बाईची रजिस्टरं तपासली होती. मी टेबलावरून पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, स्केचपेनने मोठ्या अक्षरात 'द्वारका' लिहिलं, त्यांच्या पदराला टोचलं आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. खेळ संपून पुढचा विषय सुरू झाला होता. "एक नाव राहिलंय," मी म्हटलं.

सगळ्या सेविका ओरडायला लागल्या, "पानगे!" "मुगवड्या!" ताईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"मी द्वारका. मले तुरीच्या सोल्याची भाजी आवडते. दाने कोवळे पायजेत, आन लसन जास्त. आता बदलनार नाई."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "आन मॅडम, तुमचं?"

मी आजवर त्या गोलाबाहेर रजिस्टर घेऊन उभी राहत आले होते. मी तोंड उघडलं. यांना वरण आवडतं, मुलीला नूडल्स आवडतात, सासऱ्यांना बिनतिखट लागतं, सगळ्यांचं सगळं आठवलं. माझं काही आठवेना.

ताईंनी एवढंसं सरकून शेजारी जागा केली. "बसा. घाई नाई. पह्यल्या डावाले रोडगे म्हनून द्या."