घंगाळ लग्नाला गेलंय

लग्नाची तिथी दाट असली की आमच्या गावचं संग्रहालय रिकामं असतं. दार उघडं, झाडलोट झालेली, आणि फळ्यांवर नुसत्या चिठ्ठ्या: घंगाळ, समई, पाट, परात. वस्तू नाहीत. वस्तू लग्नाला गेलेल्या असतात. नाना मात्र जागेवर असत. अशात कुणी पाहुणा आलाच तर त्याला खुर्ची देत आणि सांगत, "बसा जरा. दुपारपर्यंत येईल घंगाळ. हळदीला गेलंय."

नाना म्हणजे आमच्या गावचे जुने मंडपवाले. पाथर्डीच्या या अंगाला ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या मंडपाचे खांब नानांनी रोवले, कर्णे नानांनी बांधले. पुढे लॉन्स आली, केटरर आले आणि नानांचा धंदा बसला. त्याच सुमाराला गावातलं जुनं पितळ भंगारात निघायला लागलं होतं. नाना भंगारवाल्याची गाडी वेशीवर अडवायचे आणि ज्याचा हंडा त्याला बोलावून आणायचे. "हा हंडा तुझ्या आजीनं डोक्यावर वाहिला. अन तू त्याला किलोवर काढतो व्हय?" माणूस खजील व्हायचा आणि हंडा नानांच्या ओट्यावर ठेवून जायचा. ओटा भरला, तेव्हा ग्रामपंचायतीने शाळेची जुनी खोली दिली. लोकांनी वस्तू देताना एकच अट घातली, की आमच्या घरात कार्य निघालं तर वस्तू न्यायला मिळाली पाहिजे. मंडपवाल्याला यात नवल काय वाटणार? वस्तू जाते आणि परत येते, हाच त्यांचा जन्माचा धंदा.

दुसऱ्या संग्रहालयात 'हात लावू नये' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे हात न लावता कुणी निघालं तर नाना दारात आडवे होत. "नुसतं बघून काय कळतंय? उचला की." मग वस्तूंची ओळख करून देत, नातेवाईकांची द्यावी तशी. परात भोळी, कुणाच्याही घरी रमते. समई मानी, तिला घासल्याशिवाय न्यायची नाही. एक तांब्या मात्र खोडील, जाईल तिथून पोचा पाडून येतो. माणसांनाही नाना मंडपाच्याच मापाने मोजत. मी बीकॉम झाले तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पोरीचा खांब खोल गेला."

ते खरंच होतं, म्हणून सांगते. आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आता नागापूरला एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात आहे, रविवारी गावी येते. नानांनी एकदा आईकडे तिचा कोयता मागितला. आई लाजली. कोयता काय बघायची वस्तू आहे का, म्हणाली. नानांनी तो पाटलांच्या घरच्या अडकित्त्याशेजारी, अगदी डोळ्यांसमोर येईल असा टांगला. कुणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाले, "साखर सगळं गाव खातंय. ती कशानं तुटली ते बघू द्या की." त्या दिवसापासून आई त्या खोलीवरून जाताना पदर नीट करते. हे ऋण कसं फेडायचं, मला अजून कळलेलं नाही.

फेडायची थोडी संधी आली ती लाईटबिलामुळे. बिल थकलं होतं, छत गळत होतं, आणि पंचायतीकडे खताचा दुकानदार खोली भाड्याने मागायला आला होता. सरपंच वाईट माणूस नाही. नानांना ते सरळच म्हणाले की खर्च कोण करणार ते सांगा, नाहीतर पाडव्याला खोली रिकामी करा. नानांनी उरलेल्या खुर्च्या विकून एक बिल भरलं. विकायला आता दुसरं काही नव्हतं. वस्तू होत्या, पण त्या गावाच्या.

मग मला समजलं की लहान संग्रहालयं चालवायला सरकार अनुदान देतं. इमारत बांधायला वेगळं, हे रोजच्या खर्चासाठी: वीज, डागडुजी, एखाद्या माणसाचा पगार. सरकारला शिव्या द्यायला आपण सगळे तयार असतो, मीही. पण गावच्या परातीचं लाईटबिल भरावं हे कुणाच्या तरी डोक्यात आलं, त्याला मी मनातून हात जोडले आणि अर्ज भरायला बसले. वस्तूंच्या सुरक्षेची व्यवस्था काय, असा प्रश्न होता. नाना म्हणाले, "गावात चोर न्हाई, असं लिही." मी लिहिलं, कुलूप आहे.

नगरहून साहेब पाहणीला येणार, असा निरोप आला. बघते तर त्याच दिवशी गावातल्या हिराबाईच्या पोराची हळद आणि लग्न. मी नानांच्या विनवण्या केल्या. एक दिवस वस्तू देऊ नका, खोलीचा प्रश्न आहे, हिराबाई समजून घेईल. नाना ऐकेनात. "तिची तिथी आधी ठरली, सायबाची नंतर. मांडव घातल्यावर खांब काढत नसतेत."

साहेब आले. रिकाम्या फळ्या आणि चिठ्ठ्या बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. नाना शांतपणे म्हणाले, "सायेब, संग्रहालय बाहेर गेलंय. हितंच हाय जवळ, चला."

हिराबाईच्या अंगणात नवरदेव पाटावर उघडा बसलेला, हळदीने पिवळा, शेजारी घंगाळात ऊन पाणी. साहेबांना प्रत्येक वस्तूचा फोटो हवा होता. घंगाळाचा घेतला, त्यात नवरदेव आला. पाटाचा घेतला, त्यात तर येणारच. तो दर फोटोला केस सारखे करत होता. संग्रहालयाच्या जात्यापाशी बाया ओव्या म्हणत होत्या. साहेब म्हणाले, जरा हात बाजूला घेता का? एक म्हातारी वरही न बघता म्हणाली, "ओवी अर्धी टाकायची नसती, दादा. बसा." साहेब बसले. सरकारी माणूस जात्यापुढे मांडी घालून बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

निघताना त्यांनी नानांना समजावलं की वस्तू अशा बाहेर देणं नियमात बसत नाही. हरवली, फुटली तर जबाबदार कोण? मला वाटलं, संपलं. नाना म्हणाले, "जबाबदार मीच. पण कुलपात ठेवली तर ती वस्तू कुणाची, हे चार वर्षांनी गावाला आठवणार न्हाई. मग खतवाल्यालाच द्या खोली." साहेब हिराबाईने दिलेले लाडू पिशवीत ठेवून गेले.

पाडव्याच्या आत अनुदान मंजूर झालं. कसं बसवलं ते त्या साहेबांनाच ठाऊक. 'लोकसहभागातून वस्तूंचा वापर' असं काहीतरी शेऱ्यात होतं. देव त्यांचं भलं करो. छत दुरुस्त झालं, बिल भरलं, खोलीत बसायला गावातल्याच छबूबाईंना पगारावर नेमलं. अट एकच आली. वस्तू बाहेर जाईल तेव्हा संग्रहालयाचा जबाबदार माणूस तिच्यासोबत राहील.

नानांनी दोन दिवस कुरकुर केली. या वयात घंगाळामागं फिरू का, म्हणाले. तिसऱ्या दिवशी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

गेल्या रविवारी एका लग्नात भेटले. फेटा बांधलेला, घंगाळाला टेकून बसलेले. मी थट्टेने म्हटलं, उन्हातान्हात कशाला येता, छबूबाईंना पाठवायचं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"पोरी, एवढी लग्नं उभी केली. पण मंडपवाल्याला कुणी पत्रिका देत न्हाई. तो येणारच असतो ना कामाला. जेवन मागं, चुलवानापाशी, उभ्यानं. धंदा बंद पडला अन मग तेबी सुटलं. तुझी नानी गेल्यापासून तर लग्नातलं जेवन माघारी आलेल्या घंगाळासंगं डब्यात यायचं." मग सदऱ्याच्या खिशातून पत्रिका काढून दाखवली. वर त्यांचं नाव होतं, सगळं, आडनावासकट. आता घंगाळ न्यायला येणाऱ्याला त्यांनाही बोलवावं लागतं.

तेवढ्यात नवरीचा बाप आला आणि नानांना हाताला धरून पंगतीत घेऊन गेला. मी लांबून बघत होते. वाढपी बुंदी घेऊन आला, नाना नको म्हणाले. त्याने आग्रह केला. नानांनी ताटावर हात आडवा धरला, पण बोटं फाकवून. वाढप्याने पुन्हा आग्रह केला.