बेगमचा पडदा

"वसुधा, लिहून ठेव! या खुराड्यातून मुंगीसुद्धा बाहेर पडणार नाही!"

हेमचंद्र दाते लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. जन्मात खिळा ठोकला नव्हता. पण चौऱ्याऐंशी साली विकासनगरात मागं अंगण असलेलं घर मिळालं आणि गृहस्थाच्या अंगात सुतार संचारला! अमीनाबादेतून जाळी आली, बिजागऱ्या आल्या. ग्राफपेपरवर नकाशा झाला. दाराला आपोआप बसणारी कडी, आत थर्मामीटर, आणि अंडी घालायच्या खोक्याला समोरून चक्क काच!

"काच कशाला?" वसुधानं विचारलं.

"निरीक्षणाला!"

कोंबडी आणली एकच, नमुन्यादाखल. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "साहब, लखनऊ की मुर्गी है. पर्दा रखिएगा, तभी अंडा देगी." हेमचंद्र हसले होते. शास्त्राला कसला आलाय पडदा!

तीन आठवडे झाले. ऑफिसला जाईपर्यंत दर दहा मिनिटांनी काचेला नाक, मग वहीत नोंद: 'अंडे नाही.' बेगम (हे नाव वसुधाचं) आतून अशी बघायची, की हेमचंद्रांनाच ओशाळं व्हावं.

"रविवारी संध्याकाळपर्यंत अंडं दिसलं नाही, तर बेगम परत बाजारात," वसुधानं निकाल दिला. "नुसती दाणे खाऊन बसलीय पाहुणीसारखी!"

हेमचंद्रांनी त्या दिवशी गुपचूप मूठभर दाणे जास्तच टाकले. जीव जडला होता हो!

रविवारी सकाळी वसुधा खरेदीला गेली. हेमचंद्र थर्मामीटर बघायला वाकून आत शिरले आणि मागं झालं 'खट्'! कडी बसली. बाहेरून! ढकललं, हलवलं, लाथ मारली. मेली हलेल तर शपथ! मुंगीचा बंदोबस्त करताना माणसाचा विचारच राहून गेला होता.

शेजाऱ्यांना हाक मारावी, तर कॉलनीभर बोभाटा. शेवटी बिचारे मांडी घालून बसले आणि कुणी ओळखू नये म्हणून खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत ओढून घेतला.

थोड्या वेळानं पंच्याखाली काहीतरी शिरलं. बेगम! मांडीत दोन गिरक्या घेतल्या, बूड टेकलं आणि गप्प झाली. हेमचंद्रांनी श्वास रोखला. पायांना मुंग्या आल्या, तरी हलले नाहीत. बऱ्याच वेळानं ती उठली आणि तिनं कॉक्-कॉक् करत अंगण डोक्यावर घेतलं!

पंचा वर केला. मांडीत अंडं! बदामी, ओलसर, ऊन ऊन.

वीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घातलेला माणूस, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. आत्ता नव्हतं आणि आता आहे! "देवा रे!" एवढंच तोंडातून निघालं.

"अहो! आत काय करताय?" पिशव्या घेऊन वसुधा जाळीपलीकडे उभी.

"हळू बोल! हे बघ."

वसुधानं जाळीतून बोट घालून अंड्याला लावलं. "अगंबाई! केवढं गरम आहे हो!"

दोघं बघतच राहिली. कडी काढायचं कितीतरी वेळ कुणाला सुचलंच नाही.

बेगम राहिली. काच काढून वसुधानं खोक्याला जुन्या पातळाचा पडदा लावला. पण बेगम त्याच्याकडे ढुंकून पाहील तर ना! तिला आपली जागा पसंत पडली होती.

तेव्हापासून रोज सकाळी संस्थेचे वरिष्ठ शास्त्रज्ञ डोक्यावर पंचा घेऊन खुराड्यात बसतात. ऑफिसच्या वहीत उशिराचं कारण लिहितात, 'घरगुती अडचण.' कडी मात्र बोलल्याप्रमाणे पक्की हं! अंडं झालं की आतून हाक येते, "वसुधा, उघड गं!"