मटार आल्याचा दाखला

सोमवारी सकाळी कार्यालयाच्या सूचनाफलकावर परिपत्रक लागलं, की यापुढे आठवड्यातून एक दिवस उपाहारगृहात 'स्थानिक शेतातील, हंगामातील, ताजी भाजी' देण्यात येईल. लोकांनी ते वाचलं, माना डोलावल्या आणि ते चहाला गेले. आचारी तात्यांनी मात्र ते चार वेळा वाचलं, आणि चौथ्या वेळी चष्मा पुसून वाचलं.

तात्यांचंही बरोबरच होतं. एकोणतीस वर्षं त्यांनी या स्वयंपाकघरात गोठवलेल्या मटाराची पाकिटं फोडली होती, आणि तितकीच वर्षं ओट्यासमोरच्या खिडकीतून भिंतीपलीकडच्या शेतात मटाराच्या वेली वाढताना बघितल्या होत्या. पण भाजी भांडारातूनच घ्यायची असा नियम, आणि भांडारात यायचं ते पाकीटच. येत्या शनिवारी तात्या निवृत्त होणार होते. भाषण-बिषण त्यांना नको होतं. जाण्याआधी एकदाच, फक्त एकदाच, हाताने सोललेला ताजा मटार या लोकांच्या पानात पडावा, एवढी त्यांची इच्छा.

ते तडक भिंतीपाशी गेले आणि स्टुलावर चढून ओरडले, "मावशी, मटार भरलाय का हो?"

"टच्च भरलाय!" शेतवाल्या मावशी वाफ्यातूनच म्हणाल्या. "बुधवारी तोडते. पण तात्या, तोडल्यावर दोन दिवसांत शिजवा हं. नंतर गोडवा जातो. मग बसा त्याच्या गोट्या खेळत."

तात्या उड्या मारायचेच बाकी होते. त्याच उत्साहात ते भांडारप्रमुखांकडे गेले. या गृहस्थांना सगळं कार्यालय पाठीमागे नियमराव म्हणायचं, आणि त्यांना ते कळलं असतं तर त्यांनी त्याची रीतसर नोंद करून घेतली असती.

"मटाराचा हंगाम पंधरा तारखेला सुरू होतो," नियमराव भिंतीवरच्या हंगाम-तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले. "आज तीन."

"पण साहेब, शेंगा आल्यात."

"तेच तर गंभीर आहे."

तात्यांनी त्यांना खिडकीशी बोलावलं. नियमराव उठले नाहीत. खिडकीतून बघून निर्णय घ्यायची सवय लागली तर कार्यालयात तक्ते कशाला हवेत, असं त्यांचं ठाम मत होतं. बऱ्याच शोधाशोधीनंतर नियमपुस्तकात एक वाट सापडली. हंगाम मुदतीपूर्वी आल्यास उत्पादकाचं लेखी निवेदन जोडावं. तात्या धावतपळत गेले आणि मावशींकडून दोन ओळी लिहून घेऊन आले.

"या बाई कोण?"

"शेत त्यांचं आहे, साहेब."

"शेत असेल. पण मटार कोणी तयार केला? बाईंनी की वेलीने?"

तात्या पडले खरं बोलणारे. "वेलीनेच," म्हणाले, आणि फसले.

मंगळवारी दुपारी नोंदणी कारकून शाईचा पॅड आणि कागद घेऊन वाफ्यात उकिडवा बसला. 'आपण मुदतीपूर्वी शेंगा धरल्या हे खरे आहे काय?' असा पहिला प्रश्न त्याने मोठ्याने वाचला, थोडं थांबला आणि पुढे लिहिलं, 'नकार दिला नाही.' मग अंगठ्याऐवजी वेलीचा एक कोवळा तणावा पॅडवर टेकवून कागदावर उमटवला. मावशी हसून हसून बांधावर बसल्या. कारकून मात्र गंभीर होता, कारण साक्षीदार म्हणून सही त्याची जाणार होती.

जबाब मंजूर झाला. बुधवारी सकाळी मावशींनी मटार तोडला, दोन टोपल्या भरल्या, आणि तात्या भिंतीवरून टोपली घ्यायला हात पुढे करणार, तोच नियमरावांचा निरोप आला.

"स्थानिक म्हणजे एक ते वीस किलोमीटर. हे शेत किती लांब आहे?"

"साहेब, हात लांबवला की लागतं."

"म्हणजे एकाच्या आत. स्थानिकमध्ये बसत नाही."

"अहो, स्थानिकपेक्षाही जवळ आहे की!"

"तसा रकाना नाही, तात्या. मी तरी काय करू?"

कपाळाला हात लावून घ्यायलाही वेळ नव्हता, मटाराचे दोन दिवस सुरू झाले होते. मावशींनी हातगाडी काढली. टोपल्यांवर ओलं फडकं टाकून दोघंही भर उन्हात किलोमीटरभर लांबच्या मोठ्या चौकापर्यंत गेली, चौकाला वळसा घातला आणि परत आली. तात्या ढकलत होते, मावशी पाणी शिंपडत होत्या आणि वाटेत भेटेल त्याला "मटाराला फिरवून आणतोय" असं सांगत होत्या. फाटकावर पहारेकऱ्याने पावतीवर 'बाहेरगावाहून आलेला माल' असा शिक्का मारला. दोघांचा घामटा निघाला, पण खरं सांगायचं तर इतकी मजा तात्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

आता फक्त चव-तपासणी उरली. ताज्याच्या नावाखाली कोणी पाकीट खपवू नये म्हणून सात जणांची समिती नेमली होती. गुरुवारी तात्या उजाडायच्या आत येऊन सोलायला बसले. लोणी, परतलेला कांदा, वरून पुदिना, बस्स. तोच मसाला घालून त्यांनी पाकिटातला मटारही केला. पहिल्या वाटीत पाकीट, दुसऱ्या वाटीत ताजा, आणि कोणत्या वाटीत काय हे समितीला सांगायचं नाही, असा नियम. तात्या दाराआडून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

सातही जणांनी पहिली वाटी ताजी ठरवली. 'काय हा हिरवागार रंग!' असा शेरा होता. 'सर्व दाणे एकसारखे, ही निसर्गाची किमया' असाही होता. दुसऱ्या वाटीबद्दल लिहिलं होतं, 'दाणे लहानमोठे, बनावट वाटतात. फार गोड लागतो, साखर मिसळली असावी.'

"साहेब, अहो दुसऱ्या वाटीतला ताजा आहे!" तात्या जवळजवळ ओरडलेच. "मी स्वतः सोललाय! हे बघा माझी नखं!"

"समितीचा निर्णय एकमताने झाला आहे," नियमराव शांतपणे म्हणाले. "आणि साखरेबद्दल तुमचा लेखी खुलासा शनिवारपर्यंत द्या. नंतर तुम्ही सापडणार नाही."

तात्या भयंकर भडकले. शुक्रवारी अख्ख्या कार्यालयाने ताजी हंगामी भाजी म्हणून पाकिटातला मटार मिटक्या मारत खाल्ला. "तात्या, जाता जाता काय खाऊ घातलंत!" असं म्हणत लोक हात मिळवून गेले. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी तर दोनदा वाढून घेतलं. तात्या सगळ्यांना नुसतं 'हो, हो' म्हणत राहिले. मग खरा मटार त्यांनी पातेल्यासकट उचलला, दोन चमचे घेतले आणि सरळ भिंतीवर जाऊन बसले.

"साखर घातली म्हणाले?" मावशींनी तोंडातला घास कसाबसा गिळला. "आणि ही बाई एवढ्या दाण्यांत साखर भरते कशी, हे नाही विचारलं?"

"तुमचा नाही, वेलीचा जबाब घेतील पुन्हा!"

दोघं पोट धरून हसली. पातेलं चाटूनपुसून साफ झालं. तात्यांचा राग पार निवळला. आता वाईट एवढंच वाटत होतं, की पातेलं लहान होतं.

तुम्हीही हसला असाल. समितीला चार नावं ठेवली असतील, आणि आपण असतो तर पहिल्या घासालाच ताजा मटार ओळखला असता, असं मनातल्या मनात म्हणाला असाल. तेच एका कागदावर लिहून नियमरावांकडे पाठवून द्या. पुढच्या समितीत सात जागा आहेत, आणि यावेळच्या सातही जणांची निवड नेमक्या याच वाक्यावर झाली होती.